‘धक्का स्टार्ट’चे निरोप समारंभ

निपाणीत गुंडूअण्णांचं गॅरेज आहे. तिथं दुरुस्त झालेली गाडी थोड्याच दिवसांत पुन्हा तिथंच येते, त्यामुळं अण्णांचं गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. याच गॅरेजात वीस वर्षांपूर्वी, शटर अर्धं खाली ओढून, तिघांनी बँड काढला. अमरदीप गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याची धाकटी बहीण ज्योत्स्ना ड्रम वाजवायची. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा ओमकार बेस गिटार वाजवायचा आणि उरलेल्या वेळात खायचा. बँडचं नाव ‘धक्का स्टार्ट’. गॅरेजात तेव्हा उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला ते लागू पडत होतं.

ते जे वाजवत त्याला बाहेरच्या जगात गॅरेज पंक म्हणतात. निपाणीत त्याला ‘अण्णाकडचा आवाज’ म्हणत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड ओळखण्यात अण्णांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी पहिल्या दिवशी डोळे मिटून सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाले, ‘ह्यात बिघाड कुटं हाय ते काय कळंना. म्हंजे चांगलंच आसणार.’ तेव्हापासून ते बँडचे मॅनेजर झाले.

ज्योत्स्नाला ड्रम वाजवायला मिळणं हे इतकं सोपं नव्हतं. तिची आज्जी तानुबाई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तानुबाईच्या सासऱ्यांनी बौद्ध झाल्यावर घरातली हलगी विहिरीत टाकून दिली होती. गावात कुणीही बोलावलं, की त्याच्या दारात जाऊन वाजवायची ती हलगी. त्यामुळं नात ड्रम वाजवते हे कळल्यावर घरात बोलणंच बंद झालं. शेवटी तानुबाईच म्हणाली, ‘वाजीव. पर सोतासाटी वाजीव. कुणाच्या दारात, बोलीवलं म्हनून जायाचं न्हाय. येवढं ध्येनात ठेव म्हंजे झालं.’ ज्योत्स्नानं ते ध्यानात ठेवलं आणि ग्रीसचे रिकामे डबे घेऊन सुरुवात केली.

आता बँडच्या वेगाचं सांगतो. आमच्या भागात गाणं म्हणण्याआधी ते कुठल्या भाषेत आहे हे सांगावं लागतं. बँडचा पहिला कार्यक्रम कॉलेजच्या गॅदरिंगला होता. कन्नडच्या बाजूची मंडळी आली आणि डाव्या हाताला बसली, मराठीच्या बाजूची आली आणि उजव्या हाताला बसली. शब्द पकडायचे आणि आक्षेप घ्यायचा, अशी दोन्हीकडं तयारी होती. गाणी अमरदीपनं लिहिली होती आणि त्यांत कुणालाच सोडलं नव्हतं. स्टेजच्या मागं तो बहिणीला म्हणाला, ‘ज्योत्स्ने, पळीव.’ ज्योत्स्नानं असं पळवलं की पहिल्या ओळीतला पहिला शब्द लोकांच्या कानात शिरेपर्यंत गाणं संपलेलं होतं. डावीकडची मंडळी म्हणाली, हे काही कन्नड नाही. उजवीकडची म्हणाली, हे काही मराठी नाही. मग अपमान झाला म्हणायचा तो कुणाचा? दोन्ही बाजू चहा पिऊन घरी गेल्या. सीमाभागात दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झाल्याचं मी तरी दुसरं ऐकलेलं नाही.

तेव्हापासून वेग हे ‘धक्का स्टार्ट’चं धोरण झालं, आणि वेग म्हणजे ज्योत्स्नाचा उजवा खांदा.

वीस वर्षं तो खांदा चालला. गणपतीत चालला, आंबेडकर जयंतीला चालला, जत्रांत चालला. एकदा पुण्यातही वाजवून आले. तिथं लोक हाताची घडी घालून ऐकत होते. त्यांना आवडलं, असं नंतर कुणीतरी फोनवर सांगितलं. मधल्या काळात अमरदीप चिकोडीला सरकारी कचेरीत इंजिनिअर झाला, ज्योत्स्ना निपाणीत हायस्कुलात गणित शिकवायला लागली, ओमकार बेळगावात गाड्यांच्या शोरूममध्ये लागला आणि जाड झाला. लोकांनी गाण्यांचे शब्द कधी विचारले नाहीत. लोक उड्या मारत. उड्या मारणाऱ्या माणसाला शब्द लागत नाहीत.

मग एके दिवशी ज्योत्स्नाला फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात लिहिता येईना.

ती खालच्या अर्ध्या भागात लिहायला लागली. मागच्या बाकावरची पोरं उभी राहून गणित बघू लागली. हेडसरांनी खिडकीतून ते पाहिलं आणि मुलांमध्ये गणिताची एवढी गोडी निर्माण केल्याबद्दल स्टाफरूममध्ये तिचं अभिनंदन केलं. घरी तिचा नवरा बुद्धप्रिय मोबाईलवर बघून बघून वेणी घालायला शिकला. त्याची वेणी नांगराच्या दोरासारखी यायची, पण सुटायची नाही. बेळगावच्या डॉक्टरांनी खांद्याचा फोटो दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, ‘बाई, आतली दोरी विरत आलीय. आत्ता थांबलात तर वाचेल. असंच ओढत राहिलात तर तुटेल, आणि मग हा हात खांद्याच्या वर जायचा नाही. कायमचा. काय करता तुम्ही, धुणंबिणं जास्त असतं का?’

‘व्हय,’ ज्योत्स्ना म्हणाली. पंक समजावून सांगायचा तिला कंटाळा आला.

गॅरेजात येऊन तिनं सांगितलं, ‘अण्णा, माजा हात वर जाईना.’

अण्णांनी सवयीनं पाना उचलला, मग खाली ठेवला. ‘पार्ट मिळत न्हाय काय गं त्येचा?’

‘मिळत न्हाय.’

‘मग बंद करूया की,’ अमरदीप म्हणाला. तो इतक्या पटकन म्हणाला की सगळे त्याच्याकडं बघायला लागले. ‘म्हंजे... ज्योत्स्नेसाटी म्हनतोय मी.’ खरं तर त्याचाही घसा गेला होता. ओमकारचे गुडघे गेले होते. तिघांपैकी प्रत्येकाला कधीपासून थांबायचं होतं आणि दुसऱ्या दोघांना वाईट वाटेल म्हणून प्रत्येक जण चालू ठेवत होता. बरेच संसारही असेच चालतात, त्यामुळं यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते नुसते थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण आमच्याकडं माणूस नुसता थांबत नाही. त्याला निरोप द्यावा लागतो. मास्तर असो, तलाठी असो, सोसायटीचा शिपाई असो, शाल, श्रीफळ, फेटा आणि भाषणं झाल्याशिवाय गेलेला माणूस म्हणजे पळून गेलेला माणूस. ‘वीस वर्षं वाजवलंया,’ अण्णा म्हणाले, ‘चोरासारकं जाताय काय?’

तेव्हा निपाणीत निरोपाचा कार्यक्रम झाला. भाषणं गाण्यांपेक्षा लांबली. ज्योत्स्नाला फेटा बांधला, तो तिच्या कपाळावर उतरत राहिला आणि वर सारायला हात जात नव्हता, म्हणून तिनं निम्मी गाणी फेट्याच्या आतून वाजवली. पण वाजवली. घरी येऊन बर्फ लावला आणि म्हणाली, ‘सुटले बाई.’

पुढच्याच आठवड्यात सदलग्याची चार माणसं गॅरेजात आली. गाडी बिघडलेली नव्हती, यावरूनच अण्णांना शंका आली.

‘अण्णा, निपाणीचा निरोप घेतलासा म्हनं.’

‘घेतला की.’

‘मग आमी काय सवतीची लेकरं? आमच्या गणपतीत धा वर्षं वाजवलंया ह्यांनी. आमाला न सांगता जात्यात व्हय?’

‘तसं न्हाय ओ...’

‘तसंच हाय. निपाणीचा मान, आनि सदलग्याचा काय मान न्हाय?’

‘आय्तु, आय्तु,’ अण्णा म्हणाले. हा कन्नड शब्द आमच्याकडं सर्रास चालतो. त्याचा अर्थ ‘झालं’, आणि तो काम सुरू होण्याच्या आधी वापरतात.

ज्योत्स्नाला कळलं तेव्हा ती पेपर तपासत होती, डाव्या हातानं. ‘अण्णा, डॉक्टरनी काय सांगितलंय म्हाईत हाय न्हवं?’

‘येकच गं पोरी. शबुद गेलाय माजा.’

एकच म्हटल्यावर तिला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं तर समोर बसून, तोंडाकडं बघून म्हणावं लागतं, आणि गुंडूअण्णांचं तोंड असं होतं की त्याच्याकडं बघून बँकेनंही त्यांना नाही म्हटलं नव्हतं.

सदलग्यात गाडीतून उतरता उतरताच मंडळाचा एक जण आडवा आला. ‘ताई, स्टेज हिकडं हाय, पर आदी जरा नव्या अध्यक्षांच्या दारात दोन मिन्टं वाजवायचं. मग स्टेजवर. त्येंचा मान आसतोय.’

अमरदीप गिटारची पिशवी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. ‘दारात?’

‘व्हय. दोनच मिन्टं.’

‘दारात न्हाय वाजवायचं आमी,’ अमरदीप म्हणाला.

‘सर, रागवू नगासा. समद्यांनीच वाजवलंया. बँजोवाल्यांनी बी वाजवलंया.’

ते कसं मिटायचं यावर बराच वेळ गेला. उन्हात उभं राहून ज्योत्स्नाचा खांदा ठणकायला लागला. शेवटी तिनंच छोटा ड्रम काखेत घेतला. ‘दादा, चल. वाजवूया आनि सुटूया. मला आता भांडायचा बी कट्टाळा आलाय.’

तिनं वाजवलं. अध्यक्ष दारात उभे राहून फोनवर बोलत होते. बोलणं संपल्यावर त्यांनी मान डोलावली.

परत येताना गाडीत ओमकार भडंगाचा पुडा घेऊन बसला होता. त्यानं तो फोडला नाही, त्यावरूनच काहीतरी गंभीर झालंय हे अण्णांना कळलं. अमरदीप म्हणाला, ‘आज्जी आसती तर...’

‘नाव काडू नगं,’ ज्योत्स्ना म्हणाली. ‘मला ठावं हाय, काय केलं ते.’

त्यानंतर चिकोडीनं निरोप मागितला. चिकोडी म्हणजे अमरदीपची कचेरी. साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं, ‘अरे, सदलग्याला जाता आणि तालुक्याला विसरता?’ साहेबांना नाही म्हणायची पद्धत अजून कुठल्याच कचेरीत निघालेली नाही.

चिकोडीत ज्योत्स्नाचा हात उतरला. उतरला म्हणजे तुटला नाही, पण गाण्याच्या मध्यावर काठी वर जायची ती छातीपाशीच थांबली. तिनं डाव्या हातावर जास्त भार घेतला. गाणं हळू झालं. उड्या मारणारे लोक गोंधळले. उडी मारून खाली आलं तरी पुढचा ठोका आलेला नसायचा. काही जण तसेच उभे राहिले आणि ऐकू लागले, कारण उभ्या राहिलेल्या माणसाला दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

कार्यक्रमानंतर कचेरीतले एक जुने क्लार्क, नागेंद्र, अमरदीपला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, येक विचारू? त्या शेवटच्या गाण्यात खुर्ची असा शब्द हाय का ओ?’

अमरदीपनं इकडं तिकडं बघितलं. ‘हाय.’

‘कुणाची खुर्ची?’

‘कुनाची न्हाय. आशीच.’

‘न्हाय, मला वाटलं साहेबांची,’ नागेंद्र म्हणाले आणि बराच वेळ हसू दाबत राहिले. ‘सर, हे जर समद्यांना ऐकू आलं तर तुमाला परत कोन बोलवनार न्हाय बघा.’

त्या वाक्यावर अमरदीप रात्रभर जागा राहिला असं मी म्हणणार नाही. तो थकलेला होता, लगेच झोपला. पण सकाळी उठला तेव्हा वाक्य तिथंच होतं.

तोवर बेळगावातल्या अनगोळचं ठरून गेलं होतं. तिथलं मंडळ जोतिबा नावाच्या गृहस्थांचं होतं, आणि हे जोतिबा म्हणजे गुंडूअण्णांचे व्याही. अण्णांची मुलगी रूपाली त्यांच्याच घरात दिलेली. ‘आता व्याह्याला न्हाय म्हनू?’ अण्णा म्हणाले. ‘पोरगी हाय गं माजी तिकडं.’ तेवढ्यात वीस वर्षांत कधी काही न मागितलेला ओमकार हळूच म्हणाला, ‘मग आमच्या गावाला बी येक करूया की. आमची म्हातारी लई दिस विचारत्या.’

ज्योत्स्ना हसली नाही, रडली नाही. तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला, जशी एखादी पिशवी बाजूला सारतात तसा. अमरदीपनं ते पाहिलं.

संध्याकाळी तो तिच्या घरी गेला. बुद्धप्रियनं चहा ठेवला. अमरदीप म्हणाला, ‘अनगोळचा शेवटचा. त्येच्यानंतर कोन बोलवनार न्हाय, आशी येवस्था करतो.’

‘काय करनार?’

‘गानं सावकाश म्हननार. येकेक शबुद सुटा करून.’

अनगोळच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून दोन मोठे पुढारी येणार होते, एक या बाजूचे, एक त्या बाजूचे. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळं दोघांनाही संगीताची आवड निर्माण झाली होती.

‘दादा, नोकरी हाय तुजी.’

‘नोकरी जात न्हाय. बदली हुईल.’

‘बिदरला टाकतील, पार त्या टोकाला.’

‘टाकू देत. बिदरला आपला निरोप कोन मागनार हाय?’

‘आनि तुज्या गान्याचं? वीस वर्षं झाकून ठेवलंस. लोक शिव्या घालतील.’

‘घालू देत. तुजा हात ऱ्हाईल.’ तो चहा न पिताच उठला. ‘तू डाव्या हातानं नुस्तं टक टक कर. उजवा उचलायचा न्हाय.’

अनगोळचा कार्यक्रम दहावीच्या परीक्षेमुळं उजेडीच ठेवला होता. मंडळाच्या पटांगणात मांडव, मागच्या अंगाला चहाची चूल. स्टेजवर दोन मोठ्या खुर्च्या. त्या एकाच उंचीच्या आहेत ना, हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांनी येऊन बघून घेतलं होतं. जोतिबांनी प्रास्ताविक केलं. पहिले पाहुणे बोलले. त्यांच्याहून कमी बोलायचं नाही म्हणून दुसरे बोलले. ड्रमच्या मागं बसलेल्या ज्योत्स्नाला डुलकी लागली आणि ओमकारनं तिला बेसच्या टोकानं हलवून जागं केलं.

मग अमरदीप माईकपाशी आला. त्यानं मागं वळून बहिणीकडं बघितलं. गाणं सुरू करायचं ते तिच्या ठोक्यावर, हे ठरलेलं. तिनं डाव्या हातानं दिले ते ठोके, एकेक, एखाद्या घरी दार वाजवावं तसे.

*बोर्ड बदलला, नळ तसाच,*
*माईक बदलला, गळा तसाच.*
*सायेब, तुमच्या खुर्चीखाली*
*रस्ता आमचा अडकून बसला.*
*सरका की जरा, सरका की जरा.*

उड्या मारायला म्हणून पुढं आलेली पोरं तशीच उभी राहिली. जोतिबांच्या हातातला हार खाली लोंबत होता. गुंडूअण्णांनी डोळे मिटले होते, पण या खेपेला बिघाड त्यांना कळला असावा, कारण ओठ पुटपुटत होते. अमरदीपच्या मानेवरून घामाचा ओघळ शर्टात जात होता. तो थांबला नाही.

*तुमी म्हनता हिकडचं हाय,*
*ते म्हनत्यात तिकडचं हाय,*
*मधल्यामधी उभं ऱ्हाऊन*
*पाय आमचा सुजून गेला.*
*सरका की जरा, सरका की जरा.*

गाणं संपलं. अमरदीपनं माईक सोडला आणि बिदरला काय काय न्यावं लागेल याचा विचार करू लागला.

पहिल्या पाहुण्यांचा चेहरा काही वेळ तसाच होता. मग ते हळूहळू मान वळवून दुसऱ्या पाहुण्यांकडं बघायला लागले. दुसरेही त्याच वेळी त्यांच्याकडं बघत होते. पहिल्यांना हसू फुटलं. दुसऱ्यांना त्याहून मोठं फुटलं. ‘काय बोललाय, काय बोललाय,’ पहिले म्हणाले आणि दुसऱ्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. दुसऱ्यांनी त्यांच्या मांडीवर मारली. हे गाणं समोरच्यावर आहे याबद्दल दोघांच्याही मनात तिळभर शंका नव्हती.

डावीकडनं टाळ्या सुरू झाल्या, कारण उजवीकडच्यांची जिरली होती. उजवीकडनं त्याहून मोठ्या आल्या. पहिल्या रांगेतले सोसायटीचे चेअरमन मागं वळून गॅस एजन्सीवाल्याकडं बोट दाखवत होते. गॅस एजन्सीवाला त्यांच्याकडं दाखवत होता.

‘वन्स मोअर!’ जोतिबा ओरडले.

‘सर, परत! पर आसंच, सावकाश!’

अमरदीपनं ओमकारकडं बघितलं. ओमकारनं खांदे उडवले. अमरदीपचं तोंड असं झालं होतं, जसं एखाद्यानं सगळं धैर्य गोळा करून साहेबांच्या तोंडावर राजीनामा टाकावा आणि साहेबांनी तो वाचून त्याला बढती द्यावी. नाइलाजानं तो वळला, बहिणीकडं, ठोक्यासाठी.

पण ठोका आधीच आला होता. लोक टाळ्या वाजवत होते, एका लयीत, भजनाला वाजवतात तशा. पुढच्या बायकांनी पहिली ओळ उचललीसुद्धा होती. अमरदीपला पळत जाऊन आपल्याच गाण्यात शिरावं लागलं. ओमकारनं बेस धरला. गाणं नीट चाललं. कुठं अडलं नाही, कुठं घसरलं नाही.

ज्योत्स्नाच्या डाव्या हातातली काठी हवेत होती. तिनं थोडा वेळ वाट बघितली. गाणं कुठंतरी लंगडेल आणि तिला पकडावं लागेल, असं तिला वाटत होतं. वीस वर्षं तिनं तेच केलं होतं. गाणं लंगडलं नाही. ‘सरका की जरा’ला अख्खा मांडव एका आवाजात होता, दोन्ही पाहुण्यांसह.

तिनं दोन्ही काठ्या ड्रमवर ठेवल्या आणि स्टेजच्या मागच्या शिडीनं खाली उतरली. कुणी बघितलं नाही. सगळे समोर बघत होते.

मागं चुलीपाशी जोतिबांची आई, मनुबाई, चहाच्या भांड्यात पळी फिरवत बसली होती. ‘का गं, खाली आलीस?’

‘काय न्हाय आज्जी. चाललंय त्येंचं.’

‘तुज्याबिगर?’

‘व्हय की.’

मनुबाईनं पळी थांबवून कान दिला. ‘झ्याक चाललंय.’ मग तिच्याकडं निरखून बघून म्हणाली, ‘वाईट वाटलं व्हय गं?’

ज्योत्स्नानं खरंच विचार केला. ‘वाटलं. जरा.’

‘वाटतंय बग. माज्या सुनंनं पयल्यांदा शंभर मान्साचा सैपाक येकटीनं केला तवा मी दोन दिस जेवली न्हाय. मग येक दिस दुपारच्याला झोपली. लई झ्याक झोप लागली.’ तिनं कपात चहा ओतला. ‘च्या घे. त्येंचं सत्कारबित्कार हुईस्तोवर गार हुतोय.’

ज्योत्स्ना उभ्यानंच चहा प्याली. मग गल्लीच्या तोंडावर रिक्षा मिळाली. रिक्षा कोपऱ्यावर वळत असताना लाऊडस्पीकरवरून तिचं नाव आलं. ज्योत्स्नाताईंनी सत्कारासाठी पुढं यावं, अशी विनंती. पुन्हा विनंती. मग नम्र विनंती. मग बराच वेळ खरखर, आणि मग ‘ताईंच्या वतीनं आदरणीय गुंडूअण्णा’.

बेळगाव स्टँडवर निपाणीची गाडी लागली होती. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर आला, बायकांच्या फुकट तिकिटासाठी आधार कार्ड बघायला. पर्स उजव्या बाजूला होती आणि चेन डाव्या हातानं उघडत नव्हती. मागची माणसं खोळंबली. कंडक्टरनं आपलं मशीन काखेत धरलं, सीटच्या पाठीला टेकला आणि म्हणाला, ‘सावकाश घ्या आक्का. गाडी सुटायला येळ हाय.’

गाडी हायवेला लागली तेव्हा अमरदीपचा फोन आला. मागं अजून टाळ्या ऐकू येत होत्या.

‘कुटं हाईस गं? अण्णा तुजी शाल घिऊन तुला हुडकाय लागल्यात.’

‘बसमदी हाय. खिडकी मिळाली.’

तो म्हणाला, ‘फसलं बग समदं. बिदर तर ऱ्हायलंच, ते दोघं बी त्यांच्या त्यांच्या प्रचाराला गानं मागाय लागल्यात. आनि संकेश्वरवालं आल्यात, तारीक दे म्हनत्यात.’

‘दे की.’

‘आनि तू?’

‘मी न्हाय.’

बाहेर ऊस भरलेल्या ट्रॉल्यांची रांग उभी होती. बस त्यांच्या कडेकडेनं जात होती. ‘रागावलीस व्हय?’ त्यानं विचारलं.

‘न्हाय रं दादा. गानं झ्याक लिवलंयस. खुर्चीखाली रस्ता आडकल्याला.’ तिनं डोकं खिडकीच्या गजाला टेकवलं. ‘मला बी आजच ऐकाय मिळालं.’

‘म्हंजे? वीस वर्षं वाजवलंस की.’

‘वाजवताना कुटं ऐकाय येतंय?’

मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं, फोटोसाठी. ‘मग मी... जाऊ?’

‘जा. हसून काड फोटू. आनि ओमकारला सांग, त्येच्या गावाला नीट म्हना. म्हातारी वाट बगत्या.’

फोन तिनं पर्समध्ये ठेवला. चेन लावायचा प्रयत्न केला, मग उघडीच राहू दिली. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘निपाणीला उतरायचं न्हवं तुमाला? झोपा, मी उटवते.’

ज्योत्स्ना बरं म्हणाली. पण ते पुरतं म्हणून व्हायच्या आतच ती झोपली होती.